दोन शनिवार बंदूक-हक्कासाठी देतो. मराठी मंडळात तोंड लपवायचं का?

हेमार्केटकर
अमेरिकेत व्हर्जिनियात, प्रिन्स विल्यम काउंटीत राहतो. दिवसा डेटाबेस, संध्याकाळी मुलीचं स्विमिंग, रविवारी मराठी शाळा. आणि महिन्यातले दोन शनिवार बंदूक-हक्कवाल्यांचं काम. त्यात मर्दुमकी काही नाही. गन शोच्या (बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनाच्या) दारात घडीचं टेबल टाकायचं, गोल नारिंगी स्टिकर वाटायचे, आणि आपला डेलिगेट (राज्याच्या विधानसभेतला आमदार) कोण हे ज्यांना माहीत नाही (बहुतेकांना नसतं) त्यांना सांगायचं.

सुरुवात 2019 च्या हिवाळ्यात झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत राज्याची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली. बंदुकांवर नवे कायदे येणार हे उघड होतं, म्हणून एकामागून एक काउंटी स्वतःला 'सेकंड अमेंडमेंट सँक्चुअरी', म्हणजे शस्त्र बाळगण्याचा घटनेतला हक्क जपणारी काउंटी, जाहीर करायला लागली. आमच्या काउंटी बोर्डाच्या सभेला ऑफिसातून डबा घेऊनच गेलो. बोलायची पाळी आली तोवर पोळ्यांचं चामडं झालं होतं. वेळ संपेपर्यंत बोललो, काय बोललो ते आठवत नाही. ठराव पास झाला. जानेवारीत नवं बोर्ड आलं, त्यांनी आल्या आल्या तो रद्द केला. बायको म्हणाली, "झालं? आता गॅरेज आवर."

गॅरेज अजून तसंच आहे. पण खरा प्रसंग गेल्या गणपतीतला. स्टिकरांचा रोल मागच्या सीटवर राहिला आणि त्यातला एक मुलीच्या लेझीमच्या पांढऱ्या कुर्त्याला पाठीवर चिकटला. 'बंदुका जीव वाचवतात', इंग्रजीत, ठळक. आरतीला ती सगळ्यांत पुढे. मागे शंभर माणसं वाचतायत आणि टाळ्या चालू. कुणी चकार शब्द काढला नाही. नंतर प्रसादाच्या रांगेत माझ्या मागेपुढे चांगली दोन हात जागा होती. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शाळेतली_आई
त्या रांगेत मीही होते, दादा. बोलले नाही कारण हातात मोदकांचं ताट होतं आणि मला आवाज चढवायचा नव्हता. आता बोलते.

माझेही शनिवार जातात, पण तुमच्या समोरच्या बाजूला, बंदुकांवर नियंत्रण मागणाऱ्या लाल टी-शर्टवाल्या बायकांत. आमचंही टेबल घडीचंच. माझा मुलगा किंडरगार्टनमध्ये असताना एकदा म्हणाला, "आई, दिवे लागणारे बूट उद्या नकोत." का रे? तर लॉकडाऊन ड्रिलमध्ये (शाळेत बंदूकधारी घुसला तर काय करायचं त्याचा सराव) वर्गातले दिवे बंद करून सगळे कोपऱ्यात बसले होते, याने पाय हलवला आणि बूट लुकलुकले. टीचर रागावली नाही, पण मित्राने हाताने बूट झाकले. पाच वर्षांची मुलं ही! तुमचा स्टिकर वाचताना मला ते बूट दिसतात.

हेमार्केटकर
ताई, माझी मुलगीही तीच ड्रिल करते. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण ब्लॅक्सबर्गचं घ्या. 2007 साली तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबारात 32 जण गेले, त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती. त्या खुन्याला कोर्टाने मानसिक उपचार घ्यायचा आदेश दिला होता. म्हणजे कायद्याने त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण ती नोंद बॅकग्राउंड चेकच्या (खरेदीदाराची पूर्वतपासणी) यंत्रणेत पोचलीच नाही आणि दुकानदाराने बिनदिक्कत विकली. कायदा होता, कारकुनी नव्हती. नवीन कायद्यांच्या आधी ती भोकं बुजवा, एवढंच म्हणतो.

शाळेतली_आई
बुजवली कुणी मग? आपोआप नाही बुजली. गेलेल्या मुलांचे आईबाप खेटे घालत राहिले, तेव्हा कुठे त्या नोंदींसाठी केंद्राचा कायदा झाला. तेही 'नवीन कायदे' मागणारेच होते.

कोथरूडचा_काका
मला या वयात एक कळत नाही. आपण खंडेनवमीला पाना-पकडी आणि स्कूटर पुजणारी माणसं. इथे साधा परवाना काढायचा तर पोलीस आयुक्तालयाच्या पायऱ्या झिजतात, आणि त्यामुळे आमचं काही अडलेलं नाही. तिकडे जाऊन हे खूळ कशाला?

हेमार्केटकर
काका, तो परवाना कुणी आणला? 1878 चा शस्त्र कायदा, लॉर्ड लिटनचा. खुद्द गांधीजींनी लिहून ठेवलंय की अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा तो कायदा इंग्रजी राज्याच्या सगळ्या पापांत काळाकुट्ट ठरेल. आमच्या टेबलावर ते वाक्य फ्रेम करून ठेवलंय. गोरे लोक त्याचा फोटो काढतात.

संदर्भासहित_स्पष्टीकरण
फ्रेमच्या बाहेरचंही सांगा की. ते वाक्य 1918 च्या पत्रकातलं, खेडा जिल्ह्यात पहिल्या महायुद्धासाठी इंग्रजांच्या फौजेत भरती व्हा म्हणून गांधीजी फिरत होते तेव्हाचं. शस्त्र चालवायला शिकायचंय ना, मग सैन्यात या, असा तो युक्तिवाद. प्रत्येकाच्या नाइटस्टँडमध्ये पिस्तूल असावं, असा नव्हे.

तुमच्या बाजूचा याहून चांगला दाखला आहे, तो तुम्हाला ठाऊक दिसत नाही. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याच आधारावर 1948 मध्ये ह. वि. कामतांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. कुणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, हा त्यांचा सवाल. म्हणजे हा वाद आपल्याकडे झालेला आहे आणि निकाल लागलेला आहे.

हेमार्केटकर
कामतांचं खरंच माहीत नव्हतं. फ्रेम बदलावी लागणार. निकाल मात्र भारतापुरता. इथे घटनेत तो हक्क 1791 पासून आहे आणि मी नागरिकत्वाची शपथ या घटनेची घेतली.

व्हिसावरचा_वाटसरू
शपथ तुमची, आमची नाही. मी एच-वनबीवर. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर केंद्राच्या कायद्याने आम्हाला बंदूक जवळ ठेवता येत नाही, आणि मत तर नाहीच. 2017 मध्ये कॅन्ससच्या ओलेथला बारमध्ये आपल्यासारख्याच इंजिनिअरला 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत गोळ्या घातल्या. तुमच्या टेबलावरचा हक्क मला फक्त नळीच्या या बाजूने दिसतो.

टेक्सासी_मावळा
म्हणूनच तर घ्यायची ना ग्रीन कार्ड मिळाल्यावर! हेमार्केटकर, तुमचा मात्र वेळ फुकट चाललाय. 2022 च्या ब्रुएन निकालात घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क मान्य करून सुप्रीम कोर्टाने एका फटक्यात जे दिलं ते तुमच्या हजार टेबलांनी दिलं नसतं. शनिवारी रेंजवर जा, मुलांना घेऊन जा.

हेमार्केटकर
कोर्ट देतं तसं आखडतंही. 2024 च्या रहीमी निकालात आठ विरुद्ध एक. घरगुती हिंसाचारामुळे मनाई हुकूम असलेल्याची बंदूक काढून घेता येते म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले.

आणि टेबलाचं म्हणाल तर 20 जानेवारी 2020 आठवा. राजधानी रिचमंडला बंदूक-हक्कवाल्यांच्या मेळाव्याला 22,000 च्या आसपास माणसं, बोटं बधिर करणारी थंडी. मी पहाटे निघालो, थर्मासमधला चहा फ्रेडरिक्सबर्गलाच संपला. महिन्याभराने असॉल्ट वेपनवरच्या (लष्करी धाटणीच्या रायफलींवरच्या) बंदीचं विधेयक राज्याच्या सिनेटच्या समितीत दहा विरुद्ध पाच मतांनी बाजूला पडलं, आणि त्या दहांत चार डेमोक्रॅट होते. ते चार काही कोर्टाने वळवले नाहीत.

शाळेतली_आई
त्या दिवसाची माझी आठवणही ऐका. तो सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीचा. आमच्या बाजूची माणसं दरवर्षी त्याच दिवशी तिथे बंदुकीने जीव गेलेल्यांच्या स्मरणार्थ जमतात. त्या वर्षी धमक्यांमुळे तो कार्यक्रम रद्द करावा लागला. गव्हर्नर नॉर्थम यांनी कॅपिटलच्या (विधानभवनाच्या) आवारात शस्त्रबंदी केली, तर आवाराबाहेरच्या रस्त्यावर रायफली लटकवलेले लोक. तुम्ही शांतपणे चहा प्यायलात हे मी मानते. पण तुम्ही यायचं आणि आम्ही घरी बसायचं, याला मी चर्चा म्हणत नाही.

आणि कायदे तरीही झालेच. 1 जुलै 2020 पासून बंदुकांच्या सगळ्या विक्रीला बॅकग्राउंड चेक, महिन्याला एकच पिस्तूल, आणि धोका दिसला तर बंदूक तात्पुरती काढून घेण्याचा आदेश.

हेमार्केटकर
रायफलीवाल्यांचं मान्य. मला स्वतःला ते आवडत नाही, आणि आमच्या बैठकीत हे बोललो की मी 'मवाळ' ठरतो. तुमच्यात जहाल, तिकडे मवाळ. छान चाललंय.

शाळेतली_आई
एक विचारू? या देशात बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आपल्या मुली आता तेरा-चौदाच्या होतील. माझी मोठी पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे झोपायला येतेय. तुमची बंदूक असते कुठे?

हेमार्केटकर
बेडरूमच्या कपाटात, जमिनीला बोल्ट केलेल्या सेफमध्ये. रिकामी. गोळ्या वेगळ्या, बेसमेंटमधल्या कुलुपाच्या पेटीत. आकडा मला आणि बायकोला, वाढदिवसांपैकी कुठलाही नाही. हवं तर शुक्रवारी लवकर या आणि बघून जा. पण तीन वर्षं मुली एकमेकींकडे राहतात, आधी का नाही विचारलंत?

शाळेतली_आई
लाज वाटली. तुमच्या घरी जेवून उठल्यावर कसं विचारायचं ते कळेना. सहाला येते.