शुगर कंट्रोलमध्ये, तरी बाबांच्या तळपायांची आग का?

रातकिडा:
बाबांना बरीच वर्षं डायबेटीस, आता एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.९ आलंय तरी रात्र झाली की तळपायांची नुसती आग, चादर लागली तरी कळवळतात, आणि दिवसा चप्पल पायातून निसटली तर पत्ता नाही! डॉक्टरांनी प्रीगाबालिन दिलंय, आतला कागद वाचला तर फिट्सचं औषध. फिट्सचा नि तळपायांचा काय संबंध?

फार्माकाका:
आहे ना संबंध. नर्व्हच्या पेशीला बारीक दारं असतात, आयन चॅनल, त्यातून सोडियम आत शिरलं की सिग्नल उठतो आणि पोटॅशियम बाहेर गेलं की नर्व्ह शांत होते. दुखणं कळवणाऱ्या नर्व्हमध्ये नॅव्ह १.७ आणि १.८ ही सोडियमची दारं महत्त्वाची. शुगर वाढलेली राहिली की मिथाइलग्लायॉक्सल नावाचा पदार्थ साठतो, तो १.८ ला चिकटला की ते दार जरा काही झालं की उघडतं, उंदरांवरचं हे काम २०१२ मध्ये छापून आलंय. म्हणून कुणी काही न करता आग आग. चप्पल कळत नाही कारण स्पर्शाच्या नर्व्ह मरत चालल्यात, दोन्ही एकाच पायात चालतं.
प्रीगाबालिन मात्र सोडियमच्या वाटेला जात नाही, ते कॅल्शियम चॅनलच्या अल्फा-२-डेल्टा भागाला धरतं, मग मणक्यात सिग्नल पुढे ढकलणारं केमिकल कमी सुटतं. फिट्समध्ये पण पेशी उगाच पेटलेल्याच असतात, म्हणून तिथेही चालतं.

मिरचीपूड:
थिअरी ठीक आहे हो, पण आमच्या आईला या गोळीने दिवसभर गुंगी नि पायाला सूज, मग डोस कमी करून रात्रीच ठेवला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ताची टेस्ट, केलंय ना? ही गोळी किडनीतून जाते. आणि डायबेटीसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ बघाच, ते कमी पडलं तरी असंच होतं.

रातकिडा:
मेटफॉर्मिन कधीपासून चालूए, बी१२ कुणी सांगितलंच नाही 😐 आणि अमेरिकेत नवीन गोळी आलीय म्हणे?

फार्माकाका:
सुझेट्रिजिन, फक्त १.८ बंद करते. पण जानेवारी २०२५ ला एफडीएने (तिथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मंजुरी दिली ती ऑपरेशननंतरच्या वगैरे तात्पुरत्या दुखण्याला, डायबेटीसवाल्या दुखण्याला नाही, तेव्हा त्यामागे लागू नका. चालू गोळी मनाने एकदम बंद करू नका. आणि गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात नको, भाजलेलं त्यांना कळणार नाही.