स्मरणपत्रिकेसाठी ‘आशा’ला दुसरा शब्द हवा आहे

जालन्याची_लेक
माझी आत्या नुकतीच गेली. बराच काळ अंथरुणाला खिळून होती. स्मरणपत्रिकेवर कोणतं वचन घालायचं, हे तिनंच सांगून ठेवलं होतं: बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ४:१३. ‘ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा तुम्ही खेद करू नये.’ आमच्याकडे अंत्यविधीला हे वचन इतक्यांदा वाचतात की त्यात काही अडण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. पण माझं सासर हिंदू. सासूबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, ‘अगं, माणूस गेल्यावर आशा कसली? आशा जीव असेपर्यंत. डॉक्टर नाही का म्हणत, आता आशा सोडा?’ आत्यावर त्यांचा फार जीव होता. त्यांना खरोखरच अर्थ लागला नाही. त्यांनाही कळेल असा शब्द मला हवा आहे. मसुदा लवकरच छापायला द्यायचा आहे.

शब्दवेल्हाळ
सासूबाईंचं अडणं स्वाभाविक आहे. आपल्या परंपरेत ‘आशा’ हा शब्द बहुतेक वेळा दोषाचाच. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसं ‘आशापाशशतैर्बद्धाः’, म्हणजे आशेच्या शेकडो पाशांनी बांधलेली. उलट चौथ्या अध्यायातला ‘निराशीः’ हा गौरवाचा शब्द. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगळेची कथा येते. गिऱ्हाइकाची वाट पाहून थकलेली ती बाई आशा सोडते आणि मग शांत झोपते. ‘आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्’ हे तिथलंच. एकनाथांनी या स्कंधावर टीका लिहिली, तेव्हा मराठी कानाला हा अर्थ जुनाच ओळखीचा. आपण ‘आशाळभूत’ म्हणतो, ‘वेडी आशा’ म्हणतो. माझ्या मते ‘आस’ घ्यावा. ‘भेटीलागीं जीवा लागलीसे आस’ म्हणणाऱ्या तुकोबांची आस देवाकडे वळलेली आहे.

निर्मळ_वसई
‘आस’ नको. आस म्हणजे ओढ, ती पुरी होईलच असं त्यात काही नाही. तुमच्या वचनाचं पत्र लिहिणारा प्रेषित पौलच रोमकरांस लिहितो, ‘आशा लाजवीत नाही.’ आस लाजवू शकते, फसवू शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०२५च्या ज्युबिली वर्षाचं फर्मान काढलं त्याचं लॅटिन शीर्षकही याच वचनातून घेतलेलं होतं. आमच्या धर्मग्रामात वर्षभर ‘आशेचे यात्रेकरू’ हेच शब्द होते, लहान मुलांनाही कळत होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दाच्या आधारानं माणसांनी आपली माणसं मातीला दिली, तो बाहेरच्या कोणाला कळत नाही म्हणून बदलायचा का?

जालन्याची_लेक
दादा, सासूबाई बाहेरच्या नाहीत. आत्याच्या शेवटच्या दिवसांत रात्री उशाशी त्याच बसायच्या. आणि हे लिहिताना आणखी एक लक्षात आलं: ‘बाकीच्या लोकांसारखा’ हे त्यांनी वाचलं तर ‘बाकीचे लोक’ म्हणजे आम्हीच, असं त्यांना वाटेल.

मडगांवकार
आमच्या कोंकणींत हो प्रस्न येना! मराठीत लिहितो. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत विश्वास, आशा, प्रीती या तिघांना ‘भावार्थ, भर्वंसो, मोग’ म्हणतात. ‘आशा’ आमच्याकडे इच्छेला, हव्यासाला. ‘भर्वंसो’ कोणावर तरी टाकायचा असतो, समोर माणूस लागतो. मराठीतही ‘भरवसा’ आहेच की.

शब्दवेल्हाळ
भरवसा चांगला, पण तो ‘विश्वासा’ला फार चिकटतो. ‘विश्वास, भरवसा, प्रीती’ म्हटलं तर पहिले दोन एकच वाटतील.

उमेदवाडी
‘उमेद’ का नको? ‘उमेद सोडू नकोस’ आपण दुःखातल्या माणसालाच म्हणतो.

परखड_पंत
उमेद फारसी आहे. पवित्र ग्रंथाच्या वचनात आपलाच शब्द असावा.

उमेदवाडी
पंत, ‘ख्रिस्त’ ग्रीकवरून आला, ‘येशू’च्या मुळाशी हिब्रू नाव आहे. मराठी माणूस रोज ‘उमेद’ बोलतो, मग तो त्याचाच शब्द. आजारी आईशी बोलताना आपण आधी कोश उघडून बसतो का?

परखड_पंत
बोलण्याचं वेगळं, ग्रंथाचं वेगळं. ग्रंथाची भाषा टिकावी लागते. आज ‘उमेद’ चालवला तर उद्या ‘होप’ही चालवाल.

नगरची_नात
पंत, हा वाद पंडिता रमाबाईंनी आपल्यापुरता सोडवला होता. बायबलच्या मराठीत तत्त्वज्ञानानं भारलेले संस्कृत शब्द वाचकाला भलतीकडे नेतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून स्वतः भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला. १९२१च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही बाई भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. एवढं सोसलेल्या बाईला शब्द साधा हवा होता, याला मी फार मान देते. शुद्ध की अशुद्ध, हा तिचा प्रश्न नव्हता.

दिशादर्शक
संस्कृतात ‘आशा’चा एक अर्थ दिशा! आशा म्हणजे तोंड कुठे वळलंय ते. सासूबाईंना हे सांगा, लगेच पटेल.

शब्दवेल्हाळ
दिसायला सारखे असले तरी ते दोन वेगळे शब्द आहेत, धातूही वेगळे मानतात. सासूबाईंना जरूर सांगा, पण व्युत्पत्ती म्हणून नको.

हिब्रू_शिकतेय
पाशाचा विषय निघाला म्हणून लिहिते. हिब्रूत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो गावातली राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते आणि तिचं सगळं घर वाचतं, ती दोरी म्हणजे ‘तिक्वा’. बायबलमधला दुःख सोसणारा ईयोब म्हणतो की माझे दिवस धोट्यापेक्षा वेगानं धावतात आणि ‘तिक्वा’वाचून सरतात. मागावरचा धागा संपला आणि आशाही संपली, असे दोन्ही अर्थ त्यात एकदम ऐकू येतात. गीतेतली दोरी माणसाला बांधते. राहाबेची दोरी पडायला आलेल्या गावात तिला धरून ठेवते. दोन्हीकडे दोरीच आहे, हे पाहून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

मिरजेची_सिस्टर
मी अतिदक्षता विभागात नोकरी केली आहे. ‘आशा नाही’ हे नातेवाइकांना सांगायची वेळ माझ्यावर कितीदा तरी आली. तिथे आशा म्हणजे रुग्ण वाचण्याची शक्यता. आमच्या घरी वडील आजारी पडले तेव्हा तेच शब्द मला ऐकावे लागले. पाळकसाहेब आले. वडील बरे होतील असं ते एकदाही म्हणाले नाहीत. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आईनं विचारलं, आशा सगळ्यात शेवटी का? आधी असती तर धीर धरता आला असता. पाळकसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आधी असते ती आपली इच्छा. सगळं सोसून झाल्यावर जी उरते तिला पौल आशा म्हणतो. वडील गेले. आई आजही रोज संध्याकाळी तोच अध्याय वाचते. जालन्याच्या ताई, तुमच्या आत्यांनी एवढं सोसून हा शब्द निवडला असेल तर तो राहू द्या. सासूबाईंना जवळ बसवून सांगा.

सराफकट्टा
सिस्टर, त्या साखळीत मला ‘शील’ खटकतं. ग्रीक शब्द ‘दोकिमे’, म्हणजे पारखून खरं ठरलेलं. धातू आणि नाणी पारखतात त्या व्यवहारातला शब्द आहे. आमच्या धंद्यात ‘कस’ म्हणतात. सोनं कसाच्या दगडावर घासलं की रेघ बोलते. ‘संकटाने धीर, धीराने कस, कसाने आशा’ असं हवं होतं. शील चांगल्या घरात वाढूनही येतं, कस घासल्याशिवाय कळत नाही.

परखड_पंत
‘कस’ उत्तम. यावर माझी हरकत नाही.

निर्मळ_वसई
घासणारा कोण, हे मात्र सांभाळा. देव मुद्दाम दुखवून पारखतो असं वाचणाऱ्याला वाटलं तर दुःखातल्या माणसावर फार मोठा अन्याय होईल. क्रूसाची वाट करताना आम्ही येशूच्या मागून चालतो. तो स्वतः घासला गेला, एवढंच मला ठाऊक आहे.

जालन्याची_लेक
सगळ्यांचे आभार. ‘आशा’ राहू देते, आणि १३ पुढे १४वं वचनही घालते: येशू मेला व पुन्हा उठला, म्हणून. आशा कोणाच्या भरवशावर, हे त्यात येतं. ‘बाकीच्या लोकांसारखा’चं मात्र काय करू? वचन कापायला घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. शिवाय आत्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात, त्यात ‘तिचे भोग संपले’ असं आहे.

नगरची_नात
ताई, ‘भोग’ नको! भोग म्हटलं की मागच्या जन्माचं आलंच. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य आंधळ्याविषयी विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. ‘दुःखसहन’ लिहा.

शब्दवेल्हाळ
‘दुःखसहन’ उपासनेतला शब्द आहे, घरातला नाही. जालन्याकडची आत्या ‘दुःखसहन’ म्हणाली असती का?

उमेदवाडी
माझी आजी पक्की ख्रिस्ती, आणि ‘माझे भोग’ असंच म्हणायची. तिच्या मनात पूर्वजन्म नव्हता, गुडघे दुखत होते एवढंच.

नगरची_नात
बोलताना म्हणाल्या असतील. पण छापलेलं कागदावर राहतं, आणि ते वाचणारं प्रत्येक जण तुमच्या आजींना ओळखत नसतं.

मिरजेची_सिस्टर
‘सोसणं संपलं’ लिहा.

परखड_पंत
‘सोसणं’ नको, ‘सोसणे’. छापील मजकूर प्रमाणभाषेत हवा.

सराफकट्टा
पंत, हे तिचंच घर बोलतंय. अनुस्वार राहू दे.