प्रेसमध्ये बोटं गेली, केसपेपरवर नेमकं काय लिहायचं?

मकरपुरा_ओपीडी · १४ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. मी जनरल सर्जन. मकरपुरा जीआयडीसीपासून (वडोदऱ्याची औद्योगिक वसाहत) स्कूटरवर सात मिनिटांवर आमचं बारा खाटांचं नर्सिंग होम आहे. माहेर नाशिकचं, सासर दांडिया बाजारातलं. वडोदऱ्यात येऊन चार वर्षं झाली, पण कारखान्यातल्या अपघाताची केस एकटीनं हाताळायची ही पहिलीच वेळ.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आणला. पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून कापणारं मशीन) उजवा हात सापडलेला. तर्जनीची पुढची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं टोकाचं पेर गेलं, अनामिकेचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) अर्धा कापलेला. तुटलेले तुकडे कुणीतरी सोडावाल्याच्या बर्फात थेट खुपसून आणले होते. पांढरेफटक, काही उपयोगाचे नाहीत. स्टंप (बोटांचे उरलेले खुंट) नीट केले, टेंडन शिवला. मुलगा ठीक आहे.

खरी अडचण पुढची. शेठ स्वतः आले, चहा घेतला, सगळं बिल रोख भरतो म्हणाले. मग जाता जाता, "बेन, घरे पडी गयो एम लखी नाखो ने." म्हणजे घरी पडला असं लिहून टाका. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मागणी जरा सौम्य झाली: अपघाताचं काही लिहू नका, नुसतं "उजव्या हाताला इजा" लिहा आणि तीन आठवड्यांनी फिट सर्टिफिकेट द्या. मुलाला पंचवीस हजार देऊन समजूत घालणार आहेत. सोबतचा सुपरवायझर सांगतो की कारखान्यात सातच माणसं, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागूच नाही. पगार तेरा हजार, रोख.

खोटं लिहिणार नाही, हे ठरलेलं आहे. पण खरं लिहायचं म्हणजे किती आणि कोणत्या शब्दांत? अपंगत्वाची टक्केवारी मी द्यायची का, कधी द्यायची? एमबीबीएसला हे कुणी शिकवलं नाही, एमएसला तर नाहीच.

---

वाडीतला_म्हातारा · १४ ऑगस्ट, रात्री ११

डॉक्टर, मी एकतीस वर्षं विमा दवाखान्यांत काढली. लोकांना मारुतीस्तोत्र पाठ असतं, मला बोटांचे टक्के पाठ आहेत. झोप येत नाहीये, सविस्तर लिहितो.

आधी केसपेपर. तुम्ही कारखान्यात नव्हतात, म्हणून तुमचं मत तिथे नको. पेशंटचं म्हणणं हवं, त्याच्याच शब्दांत, अवतरणात: किती वाजता, कोणतं मशीन, काय काम चाललं होतं, कुठला हात. तो उजवखोरा की डावखोरा, हे लिहायला हमखास विसरतात. "कामाच्या ओघात अपघात झाला" हा निष्कर्ष कोर्टाचा, तुमचा नाही. "पेशंट सांगतो की प्रेसवर वॉशर काढताना स्ट्रोक पडला" हे मात्र तुमचंच काम. सांगितलं कुणी, पेशंटने की आणणाऱ्याने, तेही लिहा. दोघांचं जुळत नसेल तर दोन्ही लिहा आणि खाली सही करा. खाडाखोड करायची झाली तर एकच रेघ, शेजारी सही आणि वेळ. पांढरी शाई दिसली की वकिलाची दिवाळी.

दोन बारकावे, जे मी ठेच लागून शिकलो. दारूचा वास नसेल तर "वास नाही" असं आवर्जून लिहा. कामगार भरपाईच्या कायद्यात पळवाट आहे: कामगार नशेत होता, किंवा त्याने सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली, आणि अपघात थेट त्यामुळेच झाला, तर मालक भरपाई नाकारू शकतो. (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ती पळवाट चालत नाही. तुमच्या पोराच्या बाबतीत चालेल.) सहा महिन्यांनी शेठला आठवतं की पोरगा प्यायलेला होता. त्या दिवशी तुमची दोन शब्दांची नोंदच पोराच्या बाजूने उभी राहते. दुसरं, जाळीचं. "जाळी नव्हती" आणि "जाळी मी काढली" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. विचारा, आणि तो जे बोलेल तेवढंच लिहा. सुपरवायझर खोलीत असताना विचारू नका.

पोलिसात कळवा, एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) करा. कारखान्यातली इजा मी कधीच एमएलसीशिवाय ठेवली नाही.

आता ईएसआय. "सात माणसं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते जीआयडीसीच्या कमानीवर कोरायला हरकत नाही. मोजताना ठेकेदाराची माणसंही धरतात. दहा झाली की लागू, आणि पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर तो विमेदार. तसं निघालं तर भरपाई कायद्याखाली वेगळा दावा चालत नाही, सगळं ईएसआयमधून. गोत्रीच्या ईएसआय हॉस्पिटलला पाठवा. बरा होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, आणि टक्केवारी त्यांचं मेडिकल बोर्ड ठरवतं, तुम्ही नाही. कामावरच्या इजेला वर्गणीचे दिवस भरलेले असावे लागत नाहीत, पहिल्या दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे. मालकाने नोंदणीच केली नव्हती, हा कामगाराचा गुन्हा होत नाही. ईएसआय महामंडळ त्याला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं.

खरोखरच सात माणसं असली तर भरपाईचा कायदा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, ही दुरुस्ती २००९ ची. म्हणजे शेठ बिल भरतोय तो उपकार नव्हे. बिल बाबवार करा, पावती मुलाच्या नावाने. सुट्टीच्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या पंचवीस टक्के, म्हणजे ३,२५० रुपये.

आणि आता बोटं. भरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्याचं एक पेर ७. बेरीज १८. तिथे तुमच्या मताला जागाच नाही, आकडा छापलेला आहे. वय २८ चा गुणक २११.७९, तेरा हजारांचे साठ टक्के ७,८००, त्यांचा गुणाकार सोळा लाख एक्कावन्न हजारांच्या वर. त्याचे १८ टक्के करा: २,९७,३५३ रुपये. शेठचे पंचवीस हजार याच्या शेजारी मांडून बघा. शिवाय हक्क सोडल्याचा कागद कायद्याने रद्दबातल, आणि एकरकमी समजूत करायची तर कामगार भरपाईच्या कमिशनरकडे नोंदवावी लागते.

तुमचं मत लागेल ते अनामिकेला. ती कापली गेलेली नाही, आखडेल. ते यादीत नाही, म्हणून त्याने कमाईची ताकद किती घटली हे डॉक्टरने ठरवायचं, यादीतले आकडे नजरेसमोर ठेवून. पण आज नाही! जखम भरू द्या, फिजिओ होऊ द्या, सुधारणा थांबली की मग. आत्ता कुणी टक्के मागितले तर "उपचार चालू, अंतिम मूल्यमापन बाकी" एवढंच.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: अवयवाचं अपंगत्व एक, कमाईची ताकद दुसरी. सरकारी अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा उचलून इथे चिकटवतात. सर्वोच्च न्यायालयात १९७६ च्या सुमारास गाजलेला प्रताप नारायण सिंग देव खटला एका सुताराचा होता. डावा हात कोपराच्या वरून गेला. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे त्याच्यापुरती कमाई पूर्ण गेली. हात एक, टक्के शंभर. म्हणून केसपेपरवर "मजूर" लिहू नका. प्रेस ऑपरेटर, फिटर, वेल्डर, जो असेल तो लिहा.

---

अलकापुरी_सर्जन · १५ ऑगस्ट

काकांबद्दल आदर आहे, पण ते सरकारी पगारावर होते. आमच्यासारख्यांना त्याच शेठकडून महिन्याला आठ-दहा पेशंट येतात. मी सत्य लिहितो, पण त्रोटक. जितकं जास्त लिहाल तितकी समन्सं. गेल्या वर्षी एका केससाठी कोर्टात तीन तारखा गेल्या. ओपीडी बंद ठेवून दिवसभर बाकावर बसा, आणि चारला कळतं की वकीलसाहेब आलेच नाहीत.

---

वाडीतला_म्हातारा · १५ ऑगस्ट

बाकावर मीही बसलोय, डबा घेऊन. माझा अनुभव उलटा आहे. त्रोटक लिहिलं की वकील तासभर उलटं-सुलटं विचारतो, कारण प्रत्येक रिकामी जागा त्याची. नीट लिहिलेला कागद असला की वाचून दाखवा आणि घरी जा. दाखल्यांची वेगळी वही ठेवा: पेशंटची ओळखखूण, सही किंवा अंगठा, दाखल्याची प्रत. हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे. रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं असं तिथे म्हटलंय, दावा करायची मुदत दोन वर्षं. मी दहा वर्षं ठेवत असे, माळ्यावर, उंदरांसकट.

आणि एक: कायद्यात मालकाला कामगाराची तपासणी स्वतःच्या डॉक्टरकडून फुकट करून घ्यायचा हक्क आहे. करू दे. पण तो डॉक्टर वेगळा. तुम्ही उपचार करणाऱ्या आहात, तुमचा पेशंट तो मुलगा. बिल कुणीही भरो.

---

फिजिओ_मांजलपूर · १५ ऑगस्ट

फिट सर्टिफिकेटबद्दल थोडं. "फिट" या एका शब्दाने माझ्याकडे येणारे निम्मे हात बिघडलेत. तीन आठवड्यांत टेंडनची शिवण जोराला तयार नसते, प्रेसवर पाठवला तर तुटेल. फिट-अनफिटऐवजी काय करता येतं ते लिहा: उजव्या हाताने वजन किती, चिमूट होते का, थंड धातूला स्टंप लावला तर कळ येते का. तर्जनी गेली की माणूस मधल्या बोटाने चिमूट करायला शिकतो, पण याचं तेही आखूड झालंय. मी शर्टाचं बटण लावायला सांगते आणि घड्याळ लावते. पकडीची ताकद दोन्ही हातांची किलोत लिहा, सांध्याचे कोन अंशांत. "बऱ्यापैकी हालचाल" असल्या शब्दांनी कुणाचं काही भागत नाही.

---

हाजरीवही · १६ ऑगस्ट

मी डॉक्टर नाही. वाघोडियाला बावीस वर्षं टाइमकीपर होतो. आमच्याकडे दोन हाजरीवह्या असत, एक इन्स्पेक्टरसाठी, एक पगारासाठी. ठेकेदाराची माणसं दोन्हीत नसत. अपघात झाला की त्या संध्याकाळी नाव कुठेच सापडायचं नाही. मॅडम, त्या मुलाकडे पगारपत्रक नाही, कार्ड नाही. कारखान्याचं नाव लिहिलेला त्याच्या आयुष्यातला एकमेव कागद कदाचित तुमचा केसपेपर असेल. म्हणून कारखान्याचं नाव, शेडचा नंबर, ठेकेदाराचं नाव, कुणी आणलं, कुठल्या गाडीतून, सगळं लिहा.

आणि डिस्चार्जची फाईल बिल भरणाऱ्याच्या हातात देऊ नका. मी स्वतः अशा फायली आणून शेठच्या कपाटात ठेवल्यात. त्याचं वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

---

मकरपुरा_ओपीडी · १८ ऑगस्ट

सगळ्यांचे आभार. अलकापुरी सर, तुमची भीती खोटी नाही, शेठनी कालपासून दोन पेशंट दुसरीकडे नेले.

शुक्रवारी सुपरवायझरला औषधं आणायला खाली पाठवलं आणि मुलाला एकट्याला विचारलं. तो बलियाचा आहे, हिंदीत बोलला, मी हिंदीतच उतरवून घेतलं. जाळी आधीच्या पाळीपासून काढून ठेवलेली होती, त्याने काढली नव्हती. माल जलद निघावा म्हणून. माणसं किती, तर त्याने डाव्या हाताच्या बोटांवर नावं घेत घेत मोजली, ठेकेदाराच्या सात जणांसकट चौदा. रजिस्टरला "दारूचा वास नाही" आहे का म्हणून घाईने पाहिलं. नर्सने त्या रात्रीच लिहून ठेवलं होतं, सव्वासातची वेळ टाकून. तिला माझ्याआधी कुणीतरी शिकवलेलं दिसतं.

एमएलसी पहिल्या रात्रीच झाली होती. गोत्रीला पाठवायचं पत्र केलंय, त्यात बोटं पेरांनिशी, अनामिकेचे कोन अंशांत, व्यवसाय "पॉवर प्रेस ऑपरेटर, उजवखोरा". टक्के लिहिले नाहीत. फाईलच्या दोन प्रती काढल्या, एक मुलाला दिली. ती त्याने उशीखाली ठेवलीये. शेठना फक्त बिलाची पावती दिली, मुलाच्या नावाची. त्यांनी ती दोनदा वाचली आणि काही न बोलता खिशात घातली.

टाके परवा काढतेय. फिजिओताई, मांजलपूरचा पत्ता मेसेजमध्ये पाठवाल का?