मदत हवी आहे : होपी बाहुलीचा रंग सुटतोय

नमस्कार मंडळी, आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सला राहतो. दोन वर्षांपूर्वी सेकंड मेसावर, म्हणजे होपी या मूळनिवासी अमेरिकन जमातीच्या वस्तीच्या पठारावर, एका होपी कारागिराकडून कचिना बाहुली घेतली. होपी भाषेत तिला 'तिहू' म्हणतात. कॉटनवुड झाडाच्या मुळाची, अगदी हलकी. माझं आजोळ सावंतवाडीचं, त्यामुळे हातात घेताच पांगाऱ्याची खेळणी आठवली. पण हे खेळणं नव्हे. कचिना म्हणजे पाऊस आणणारे पूज्य आत्मे. त्यांच्या रूपात नाचणारे या बाहुल्या मुलींना देतात, त्यातून त्या एकेक कचिना ओळखायला शिकतात.

आमची जुन्या घाटाची आहे. हात पोटाशी, खाली बैठक नाही, भिंतीला टांगायची. पांढऱ्या मातीच्या अस्तरावर खनिज रंग. आता तांबडा रंग भुकटी होऊन बोटांना लागतो आणि मानेपाशी बारीक चीर दिसतेय. कारागिराचा जुना फोन लागत नाही.

वॉर्निश मार, असं एकाने सुचवलं. मला ते पटत नाही. त्या रंगांचा मऊ, मातकट पोतच जाईल. असे सुटे रंग जपण्याचा अनुभव कुणाला आहे का? संग्रहालयात वस्तुजतनाचं काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. तोवर टांगलेली ठेवू की पेटीत आडवी?