हरमलचं गोड्या पाण्याचं तळं : आपल्या भागातून जाणाऱ्यांसाठी

सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गाड्या गोव्याच्या वाटेला लागतात. उत्तर गोव्यातल्या हरमलच्या (आरंबोल) समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचं तळं आहे. तिकीट नाही, फाटक नाही, आणि म्हणूनच चार गोष्टी बजावून सांगणारं कोणी भेटेलच असं नाही. माहीतगारांनी वाट, पाणी, धोका सगळं नेमकं सांगावं, असं विचारलं होतं. आलेली उत्तरं सांगणाऱ्याच्या गावाच्या नावाखाली दिली आहेत.

शहापूर, बेळगाव
शिनोळी, आंबोली, सावंतवाडी आणि मग मळेवाडवरून आरोंदा. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा लागतो, हरमल तिथून जवळ. म्हापशाचा वळसा वाचतो. गाडी गावात लावून किनाऱ्यावर या आणि समुद्राकडे तोंड करून उजवीकडे टोकापर्यंत चाला. पुढे खडकाच्या कडेने, दुकानांमधून पायऱ्यांची वाट आहे. ती संपली की छोटी पुळण, पुळणीच्या मागे तळं. गुडघे दुखणाऱ्यांना ही वाट जड जाते. सपाट चपला घाला, सामान पाठीवर घ्या, हात मोकळे हवेत.

खानापूर
आम्हाला जांबोटी-कणकुंबी-चोर्ला सोयीचं, पण घाटात धुकं असलं तर घाई नको. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी तळं उत्तम. रानातून येणारा ओढा तेव्हा वाहता असतो. उन्हाळ्यात धार बारीक होते, पाणी हिरवट दिसतं. असं पाणी तोंडात जाऊ देऊ नये, अंगावर जखम असेल तर उतरूच नये. जून ते सप्टेंबर बेत नकोच. खडकांवर शेवाळ असतं आणि समुद्र खवळलेला.

येळ्ळूर
आपली पोरं विहिरीत शिकतात, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. काठावरून मुटका मारायची सवय तिथलीच. तळ्यात मुटका नाही म्हणजे नाही! गढूळ पाण्याखाली दगड आहे की गाळ ते वरून कळत नाही. काठाला उथळ, मधे खोल. गाळात पाय रुतला तर उभ्याने ओढू नका, दुसरा पायही रुततो. अंग पाण्यावर आडवं टाका आणि हातांनी पाणी मागे सारा, पाय हळूहळू सुटतो.

आणखी एक. खाऱ्या पाण्यात अंग वर राहतं, गोड्या पाण्यात तेवढं राहत नाही. समुद्रात तासभर खेळून लगेच तळ्यात उतरणारा मधेच दमतो तो यामुळेही. आधी तळं, मग समुद्र, हा क्रम बरा. नवशिक्यासाठी गाडीची ट्यूब आणि तिला बांधलेला दहा-पंधरा मीटर दोर न्या. दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात हवं, झाडाला बांधून सोडायचं नाही.

निपाणी
संकेश्वर-आजरा-आंबोली हा आमचा रस्ता. मला सांगायचंय ते समुद्राबद्दल. लाटा फुटत नाहीत असा शांत पट्टा बघून लोक मुलांना तिथेच नेतात, आणि नेमका तोच पट्टा आत ओढणारा असतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत जातं, म्हणून तिथे लाट मोडत नाही. मातकट पाणी आणि आत सरकणारा फेस ही त्याची खूण. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग वळा. लाल झेंडा असेल तिथे पाण्यात जायचं नाही. दारू घेतलेल्याला तर घोट्यापुढे जाऊ देऊ नका, भांडण झालं तरी चालेल.

भरतीची वेळ काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. तासाभराचा फरक धरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ती छोटी पुळण आणखी अरुंद होते. पिशव्या वर ठेवा.

चिकोडी
बायकांसाठी: साडी, सुती चुडीदार भिजला की जड होतो, पायात अडकतो. नायलॉनचा अंगाबरोबरचा ड्रेस बरा. तळ्याकाठी कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं नाही, म्हणून मोठा गडद पंचा किंवा जुनी चादर न्या, दोघींनी धरली की काम होतं. साबण-शाम्पू तळ्यात मुळीच लावू नका. उन्हाळ्यात पाणी पुढे जात नाही, फेस तिथेच फिरत राहतो. मीठ धुवायला प्यायच्या पाण्याशिवाय पाच लिटरचा एक कॅन गाडीत वेगळा ठेवा.