अलमट्टी धरणाचा फुगवटा पावसाळ्यात उपग्रहावरून कसा मोजायचा?

प्रश्न: जुलै-ऑगस्टमध्ये सेंटिनेल-२ या साध्या कॅमेऱ्यासारख्या उपग्रहाच्या चित्रांत नुसते ढग. कृष्णेचं पाणी अलमट्टीमागे किती पसरलंय, ते कसं काढायचं?

कृष्णाकाठ: सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार घ्या, त्याला ढग आडवे येत नाहीत. व्हीएच पट्टा (उभी लहर सोडून आडवी टिपलेला), आधी स्पेकल म्हणजे रडारचे दाणेदार ठिपके गाळा, मग परतलेल्या लहरीच्या जोराला उणे २० डेसिबलच्या आसपास उंबरठा. त्याखालचं ते पाणी. १० मीटरचा पिक्सेल पुरतो. वारा सुटला की लाटांमुळे पाणी उजळ दिसतं आणि क्षेत्र कमी भरतं.

गाळपेर: जलपर्णीही तशीच फसवते. क्षेत्रावरून साठा काढताना धरणाचा जुना क्षेत्र-साठा तक्ता नको, गाळानं तो बदललेला असतो.

सांगलीकर: पातळी हवी तर स्वॉट, पाण्याची उंची मोजणारा उपग्रह. पण २१ दिवसांच्या चक्रात एकदोनदाच. पूर थोडाच थांबतोय! विसर्ग ठरवायला नदीवरचे मापकच.