जत्रेच्या पोस्टरवरचे परके गोपुर

पडदेवाला, फोंडा (धागा सुरू करणारे)

आमच्या भागातील एका देवस्थानच्या जत्रेत गावकरी दरवर्षी मराठी नाटक उभे करतात. गेली एकोणीस वर्षे त्या नाटकाचे पोस्टर, हस्तपत्रक आणि रंगमंचामागचा पडदा मी करीत आलो. यंदा मंडळाने पोस्टर एआय साधनाकडून करवून घेतले आणि ते मला इतर गावकऱ्यांबरोबरच व्हॉट्सअ‍ॅपवर पाहायला मिळाले. मानधन गेल्याची तक्रार मला करायची नाही; चित्रात जे दिसले त्याविषयी लिहितो.

पोस्टरवर देऊळ आहे, आणि त्याला तमिळनाडूतल्या देवळांसारखे उंच, मूर्तींनी गच्च भरलेले गोपुर आहे. आमच्या देवळाला गोपुर नाही. गाभाऱ्यावर घुमट, सभामंडपावर उतरते कौलारू छप्पर, बाजूला तळी, पुढ्यात तुळशीवृंदावन आणि अंगणात मजल्यामजल्यांनी चढत जाणारा दीपस्तंभ, असे ते आहे. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ ज्याने एकदा पाहिला त्याला हे वेगळे सांगायला नको. पोस्टरवर त्या जागी नुसता कोरीव खांब आहे आणि त्यावर पणती ठेवायला कोनाडासुद्धा नाही. सोळाव्या शतकात मूर्ती नदीपलीकडे हलवाव्या लागल्या आणि पुढे नव्या जागी देवळे बांधली गेली, तेव्हा त्यांना हे रूप आले. त्यामुळे गोपुर चिकटवणे ही मला सजावटीतली किरकोळ चूक वाटत नाही.

यंत्र चुकले याचे मला नवल नाही, कारण मीही चुकतो. मी पेन्सिलीने काढलेला कच्चा कागद देवळात नेला की कोणी तरी महाजन चष्मा सावरून म्हणतो, "बाब, हो खांबो आमचो न्हय," आणि मी घरी येऊन तो पुन्हा काढतो. यंदाचे चित्र मात्र पहिल्या क्षणापासून झगझगीत आणि पूर्ण होते. गटातल्या सगळ्यांनी अंगठे दाखवले, पुढे पाठवले, आणि गोपुराकडे एकाचेही लक्ष गेले नाही. कच्च्या रेखाटनावर बोट ठेवायला जे लोक एरवी हौसेने पुढे येतात, ते तयार चित्रापुढे गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून गावातली ही लहान कामे यंत्राकडे देऊ नयेत, असे माझे मत आहे. आणखी एक गोष्ट सांगतो. हस्तपत्रकावर नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांच्यापुढे नावे आहेत. "पोस्टर" या शब्दापुढची जागा यंदा कोरी आहे.

खजिनदार

ज्या मंडळाचे नाव आपण सौजन्याने टाळलेत, त्याचा खजिनदार मीच आहे, तेव्हा उत्तर देणे मला भाग आहे.

ध्वनी, प्रकाश, वेशभूषा, दिग्दर्शकाचे मानधन आणि तालमींचा चहा-फराळ यांत वर्गणी संपते आणि पोस्टरचा विचार शेवटी येतो. कमिटीतल्या एका मुलाने रात्रीच्या दोन तासांत दहा नमुने काढून दाखवले. ते नाकारायला माझ्याकडे कोणते कारण होते? आपल्याला आधी कळवायला हवे होते, एवढी चूक मी पदरात घेतो.

परंतु पडदेवालेबाब, एक प्रश्न विचारतो. आपण संगणक घेऊन फ्लेक्स करू लागलात, तेव्हा ब्रशने पाट्या रंगवणाऱ्यांचे काय झाले? फोंड्याच्या बाजारात दुकानांची नावे हाताने लिहिणारे लोक होते, आणि त्यांचे काम आपण आणि आपल्यासारख्यांनीच घेतले. गेल्या काही पोस्टरांवरचे ढग, ज्वाळा आणि किल्ले आपण इंटरनेटवरून उतरवून घेतले होते, हेही मला ठाऊक आहे. गोपुर कोणाला दिसले नाही हा आम्हा पाहणाऱ्यांचा दोष आहे. तो यंत्राच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

पडदेवाला

फ्लेक्सचा मुद्दा बोचला, कारण तो खरा आहे. ज्यांच्या हाताखाली मी देवनागरी अक्षराचे वळण शिकलो, त्या काकांचे काम माझ्या छपाईयंत्रामुळे आटले, आणि ते मला त्याबद्दल कधी एक शब्दही बोलले नाहीत. ढगांविषयीही आपले म्हणणे मान्य आहे. पण ढग उतरवून घेताना तो कोणाचा आहे हे मला दिसत होते, आणि मी जे करीत होतो त्याची थोडी लाज तरी वाटत होती.

कला महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी, पणजी

आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकले. आता हॉटेले आणि किनाऱ्यावरची लग्ने यांच्यासाठी चित्रे, पत्रिका आणि भिंती रंगवते. हे साधन मी रोज वापरते, त्यामुळे माझी बाजू कोणती हे तुम्हीच ठरवा.

रंगसंगतीचे वीस पर्याय सकाळी पाहून दुपारी कामाला बसता येते, ही सोय मी सोडणार नाही. बदल झाला आहे तो गिऱ्हाईक येण्याच्या पद्धतीत. पूर्वी ते एखादे वाक्य घेऊन येत; उदाहरणार्थ, आजीच्या घराची बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, पत्रिकेवर हवी. मग मी ते घर पाहायला जाई. आता ते तयार चित्र घेऊन येतात आणि हेच जरा स्वच्छ करून द्या म्हणतात, तेही निम्म्या पैशांत, कारण अर्धे काम त्यांच्या मते झालेले असते. प्रत्यक्षात ते काम जास्त असते. त्या बाल्कांवाचे खांब एकमेकांशी जुळत नाहीत, आणि बसायचे कट्टे भिंतीतून आरपार गेलेले असतात.

दुसरा अनुभव व्यंगचित्रकार मारियो मिरांडांबाबतचा आहे. "मारियोसारखे काढा" ही मागणी मी दर हंगामात ऐकते. मी नकार देते आणि माझ्या रेषेत काढते. काहींना ते आवडते, काही निघून जातात. आता निघून जाणारे गिऱ्हाईक दुसऱ्या चित्रकाराकडे जात नाही. तीन शब्द लिहून घरीच करून घेते. लोटलीच्या त्या माणसाने बाजारातली गर्दी, गल्ल्या आणि माणसांची नाके आयुष्यभर पाहून कमावलेली रेषा अशी वापरली जाते, हे पाहताना मला राग येतो. तो कोणावर काढावा, हे मात्र समजत नाही.

वकील, मडगाव

कायदा काय म्हणतो एवढेच सांगतो. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. मारियो मिरांडा ११ डिसेंबर २०११ रोजी निवर्तले, म्हणजे त्यांची चित्रे २०७१ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. तथापि हे संरक्षण चित्रांना आहे, शैलीला नाही. "मारियोसारखे" काढणे, ते माणसाने काढो वा यंत्राने, केवळ तेवढ्यावरून बेकायदा ठरत नाही.

हस्तपत्रकावरच्या कोऱ्या जागेविषयी मात्र कायद्यात शब्द आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकाने निर्मिलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. आजची साधने तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्यामुळे ही व्याख्या त्यांना कशी लागू करायची यावर वाद आहे. अमेरिकेत २०२२ साली कोलोरॅडोच्या एका मेळ्यात मिडजर्नी या एआय साधनावर केलेल्या चित्राला डिजिटल विभागाचे पहिले बक्षीस मिळाले. ते करणाऱ्याने किमान ६२४ वेळा सूचना बदलल्याचे सांगूनही तिथल्या स्वामित्वहक्क कार्यालयाने २०२३ मध्ये त्याची नोंदणी नाकारली. आपल्या कायद्याचे शब्द तुलनेने उदार आहेत. त्यांच्या आधारे मंडळातल्या त्या मुलाचे नाव छापण्याचा युक्तिवाद मी तरी करीन.

संगणक अभियंता, पर्वरी

गोपुर का आले, याचे कारण साधे आहे. ही साधने चित्रांचे तुकडे जोडून चित्र बनवीत नाहीत. चित्रांवर थोडा थोडा गोंगाट, म्हणजे विस्कळीत ठिपके, चढवायचा आणि तो पुसायला यंत्राला शिकवायचे. मग शुद्ध गोंगाटापासून सुरुवात करून शब्दांच्या दिशेने चित्र काढून घ्यायचे, अशी ही रीत आहे. चित्राशी कोणते शब्द जोडलेले होते, यावर सारे ठरते. स्टेबल डिफ्यूजन या अशाच एका साधनाच्या पहिल्या आवृत्त्या ज्या लायन-५बी या संचातून शिकल्या, त्यात सुमारे ५.८५ अब्ज चित्रे त्यांच्या वर्णनाच्या ओळींसह होती, आणि त्या ओळी बव्हंशी संकेतस्थळांवरून जशाच्या तशा उचललेल्या. "हिंदू देऊळ" असे लिहिलेली चित्रे बहुधा मोठ्या, प्रसिद्ध देवळांची असतात. आपल्या कौलारू देवळाचे छायाचित्र त्यात असलेच, तर त्याखाली "गोवा सहल, दिवस दुसरा" असे काही असणार. अशा चित्रांत देवनागरी जोडाक्षरे तुटतात त्यामागेही असेच कारण आहे.

उपाय आहे. देवळाची स्वतः काढलेली छायाचित्रे साधनाला द्या, दीपस्तंभाचे वर्णन मजल्यांसह लिहा, चित्र पुष्कळ सुधारेल. आणि गोव्यातील देवळे, कावी चित्रे, घरे यांचा नीट नावे दिलेला चित्रसंग्रह आपण खुला केला, तर पुढची साधने इतकी चुकणार नाहीत.

चित्रकला शिक्षक, डिचोली

अभियंतासाहेबांचा उपाय मला उफराटा वाटतो. प्रथम आमची चित्रे न विचारता घेतली गेली. आता उरलेली आम्ही नावे घालून, वर्गवारी करून, विनामूल्य पोहोचवायची, म्हणजे ते आम्हाला महिन्याच्या वर्गणीवर परत विकतील.

कावीचे नाव निघाले म्हणून सांगतो. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा आणि खालचा पांढरा चुना रेषेरेषेने उघडा करायचा, हे ते तंत्र. माझे विद्यार्थी साधनाकडून "कावी शैलीतले" मोर काढून आणतात, आणि त्यांत तांबड्यावर पांढरी रेष बाहेरून काढल्यासारखी दिसते. लहान टाईलवर एकदा स्वतः खरवडले की त्यांना तो फरक लगेच कळतो. तोवर कितीही छायाचित्रे दाखवली तरी उपयोग होत नाही.

संगणक अभियंता, पर्वरी

मोबदल्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण सर, जीर्णोद्धाराच्या नावाखाली कावीच्या भिंती खरवडून तिथे टाईल्स आणि ग्रॅनाईट बसवले, ते कोणत्या यंत्राने? ठराव आपल्याच कमिट्यांनी केले. त्या भिंतींची छायाचित्रे तरी कोणी काढून ठेवली असती, तर आज टाईलवर खरवडताना मुलांपुढे नमुना असता.

चित्रकला शिक्षक, डिचोली

याला माझ्याकडे उत्तर नाही. एका ठरावाला मी हजर होतो.

खजिनदार

येथील चर्चा वाचून काल कमिटीची बैठक घेतली. पडदा यंदाही पडदेवालेबाबांनीच करावा असे ठरले आहे, आणि तो कच्चा असतानाच नगारखान्याखाली आठ दिवस लावून ठेवू. पोस्टरबाबत एकमत झाले नाही; छापलेले फ्लेक्स काढून टाकण्याइतके पैसे नाहीत, ते गोपुरासह राहतील.

वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे त्या मुलाला विचारले, "हस्तपत्रकाच्या दुसऱ्या छपाईत तुझे नाव घालूया का?" तो म्हणाला, "नको. देऊळ असे का काढले म्हणून लोक मला विचारतील." तेव्हा ती जागा अजून कोरीच आहे.